आवाहन : फौंड्री सोडलेल्या कामगारांपर्यंत पोचायला मदत करा

सप्रेम नमस्कार,

कोल्हापूरजवळच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फौंड्र्यांमध्ये वाळूच्या साच्यात ओतकाम चालतं. नॉकआउटला साचा फुटतो तेव्हा, फेटलिंगला कास्टिंगवरची जळकी वाळू ग्राइंडरने निघते तेव्हा आणि वापरलेली वाळू पुन्हा चाळली जाते तेव्हा वाळूतल्या सिलिकाची धूळ उडते. अंगावर दिसणारी जाड धूळ बहुतेक नाकाघशातच अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती साधारण ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून बारीक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. तिच्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्याला बरं करणारं औषध नाही, आणि धुळीचं काम सुटल्यावरही तो वाढत राहू शकतो.

ही धूळ किती आणि तिने किती जणांचा श्वास नेला, हे मोजण्याचं काम आमच्या समितीने हाती घेतलं आहे. त्यासाठी सगळ्यात आधी माणसं हवीत, पैसे त्यानंतर.

आज हजेरीपटावर आहेत तेवढ्यांनाच तपासलं तर निकाल फसवा चांगला येईल. ज्यांना दम लागू लागला त्यांनी काम कधीच सोडलं. कुणी गावी जाऊन म्हशी सांभाळतो, कुणी रात्रीची राखण करतो. भट्टीजवळ उरले ते धडधाकट. शिवाय हा आजार बहुधा दहा वर्षांहून जास्त धूळ खाल्ल्यावर दिसतो, म्हणजे बऱ्याचदा नोकरी सुटल्यानंतर. करवीर, हातकणंगले, पन्हाळा, राधानगरी, कागल या तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना, तालीम मंडळांना आणि विशेषतः दूध संस्थांना आमची विनंती आहे : सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी ही सूचना वाचून दाखवा. गावात दर घरचं कुणीतरी तिथे येतंच.

नाव नोंदवताना नुसतं ‘फौंड्रीत होतो’ एवढं पुरत नाही. कोणत्या खात्यात किती वर्षं, हे हवं. पॅटर्न शॉपमधली, म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या खात्यातली, पंधरा वर्षं आणि फेटलिंगमधली पंधरा वर्षं सारखी नाहीत. खात्यातली धूळ गुणिले वर्षं, या हिशेबावर पुढचं सगळं उभं आहे. बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, आधी झालेला टीबी हेही विचारलं जाईल. लाज वाटून लपवू नका, नाहीतर बिडीचा परिणाम धुळीच्या नावावर जमा होतो.

तुलनेसाठी धुळीत कधीच काम न केलेली, त्याच वयाची माणसंही लागतील : दुकानदार, कारकून, रिक्षाचालक. खडी क्रशर, दगडफोडी, फरशी पॉलिश किंवा बांधकामावर राहिलेल्यांना या गटात घेता येणार नाही, कारण सिलिका तिथेही आहे.

कारखानदारांकडे मागणं वेगळं आहे. श्वासात जाणारी धूळ मोजायला पूर्ण पाळीभर कामगाराच्या कमरेला हवा ओढणारा छोटा पंप आणि कॉलरपाशी, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत, सायक्लोन (हवा गरगर फिरवून जाड कण तळाला पाडणारी नळी) व ३७ मिलिमीटरचा पीव्हीसी फिल्टर लावू द्या. आमच्या नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर हवा लागते. ओढ कमी पडली तर जाड कणही फिल्टरवर जातात आणि धूळ खोटीच जास्त दिसते. वाढली तर उलट. म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर प्रवाह मोजतो, ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तो नमुना बाद. जेवणाच्या सुट्टीत पंप काढून आडवातिडवा टाकला की सायक्लोनच्या तळाची जाड धूळ फिल्टरवर सांडते, तोही बाद. आठ तासांत ८१६ लिटर हवा जाते. अमेरिकेने २०१६ मध्ये घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम ही सिलिकाची मर्यादा ठरवली. त्या मर्यादेला एवढ्या हवेत जेमतेम ४१ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०४१ मिलिग्रॅम, सिलिका बसते. तासाभराच्या नमुन्यात तर प्रयोगशाळेच्या हाती फारसं काही लागत नाही, तेव्हा ‘थोडा वेळ लावून बघा’ असं कृपया म्हणू नका. खातेनिहाय आकडे तुम्हाला मिळतील; धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट कुठे बसवायचा ते त्यावरून ठरवता येईल.

माणसाची तपासणी दोन भागांत. पहिली फुंकरीची, म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, पूर्ण श्वास भरून जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं. निदान तीन नीट फुंकरी लागतात आणि सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलिलिटरहून जास्त फरक चालत नाही. येण्याआधी तासभर बिडी ओढू नका. थुंकीतून रक्त पडत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर फुंकू नका, आधी सांगा. दुसरा छातीचा एक्स-रे. सुरुवातीच्या सिलिकोसिसमध्ये फुंकर अगदी नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे एक्स-रे टाळता येत नाही. कोण फौंड्रीतला आणि कोण तुलनेचा, हे न सांगता दोन डॉक्टर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण फिल्म समोर ठेवून तो वेगवेगळा वाचतील. सिलिकोसिसचे डाग टीबीसारखे दिसतात, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबीचा धोकाही जास्त असतो. संशय आला की थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत करून घेऊ.

आता वस्तू आणि पैसे. सहा पंप, स्पायरोमीटर आणि तो रोज तपासायला ३ लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज हवी. प्रत्येकाला एकदाच वापरायचे माउथपीस-फिल्टर शेकड्यांनी लागतील. धुळीच्या फिल्टरमधल्या सिलिकाची तपासणी एक्स-रे डिफ्रॅक्शनने (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची पद्धत) होते, ती बाहेरून करून घ्यावी लागते. हवा न ओढलेले कोरे फिल्टरही सोबत पाठवावे लागतात, त्यांचाही खर्च आहे. आणि तपासणीला येणाऱ्याचा खाडा होतो. कुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी तुम्ही उचललीत तर तो नक्की येईल. रोख रकमेची पावती घ्याच. हिशेब दर तिमाहीला फलकावर लागेल.

तपासणीचा निकाल फक्त त्या माणसाच्या हाती, मराठीत, डॉक्टर समजावून सांगतील. मालकाकडे नाव जाणार नाही. नोंदी क्रमांकाने ठेवल्या जातात, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात असते.

येताना जुन्या एक्स-रे फिल्म घेऊन या. दहा वर्षांपूर्वीची, पिवळी पडलेली असली तरी चालेल. जुनी आणि नवी शेजारी लावल्यावर आजार किती सरकला ते कळतं, आणि त्यासाठी दुसरा खर्च येत नाही.

आपली,
कामगार आरोग्य समिती, कोल्हापूर