हिट्सच्या हिशेबात हरवलेली फेक

संपादक महोदय,

जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीची ओळख करून देताना आपल्याकडे बहुधा हिट्सचाच (फटका मारून सुखरूप बेस गाठण्याचाच) हिशेब मांडला जातो: जपानमध्ये १२७८, अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ३०८९. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. २००१ ते २०१० सलग दहा वर्षे त्याने गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवला, तो आउटफील्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांना तर ही बाजू चटकन भिडेल.

राइट फील्डपासून, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या उजवीकडच्या आउटफील्डपासून, तिसरा बेस (धावताना गाठायचा तिसरा टप्पा) सर्वांत लांब, म्हणून तिथे दमदार हाताचा खेळाडू ठेवतात. ११ एप्रिल २००१ला ओकलंडमध्ये प्रतिस्पर्धी संघाचा टेरेन्स लाँग एका हिटवर पहिल्या बेसवरून थेट तिसरा गाठायला निघाला. राइट फील्डमधल्या इचिरोने चेंडू उचलला आणि एकही टप्पा न पाडता तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचवला. लाँग बाद!

अशा फेकीत हाताआधी पाय काम करतात. चेंडूवर पुढे धावत यायचे, म्हणजे अंगाचा वेग फेकीला मिळतो. मग एक छोटी उडी. तेवढ्यात डावा खांदा लक्ष्याकडे वळतो. ग्लोव्हमधून चेंडू काढतानाच बोटे शिवणीला आडवी बसली पाहिजेत, मग चेंडू उलटा फिरत सरळ जातो. बोटे शिवणीच्या लांबीने पडली, तर तो वाटेत वळतो आणि बेसच्या बाजूला जाऊन पडतो.

शिकाऊ खेळाडू मात्र उंच फेकतात. फेक मध्ये उभ्या असलेल्या कटऑफच्या (गरज पडल्यास फेक वाटेत अडवणाऱ्या सहकाऱ्याच्या) डोक्यावरून गेली की त्याला ती अडवता येत नाही आणि फटका मारणारा फुकटात दुसरा बेस घेतो. कटऑफच्या डोक्याच्या उंचीने फेकले, तर अडवायचे की जाऊ द्यायचे हे तो ठरवू शकतो. दुसरी चूक सरळ अंगावर येणाऱ्या फटक्यावर होते. पहिले पाऊल पुढे पडले, की चेंडू डोक्यावरून गेलाच. ते तिरके मागे टाकावे; मागून पुढे येणे सोपे असते.

मार्च २०१९मध्ये टोकियोत निवृत्त झाला तेव्हा इचिरो ४५ वर्षांचा होता. जानेवारी २०२५मध्ये बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमसाठी ३९४पैकी ३९३ मते त्याला पडली. त्याच्यावर पुन्हा लिहाल तेव्हा सोबत या फेकीचे टप्पे दाखवणारी आकृती जरूर छापावी. शाळांतून बेसबॉल खेळणाऱ्या मुलांना ती कापून भिंतीवर लावता येईल.

– एक वाचक, पुणे