सोलोनचं टिपण, आणि थोडं जामिनाचं

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढला. मैत्रिणीच्या दुकानाच्या कर्जासाठी जामिनाच्या कागदावर सही करून मग आम्हाला कळवायचं, हे रुचलं नाही. पण आज तो विषय नको. तुझ्या वर्गासाठी सोलोनचं टिपण देतो.

इ.स.पू. ५९४ मध्ये तो ग्रीसमधल्या अथेन्सचा आर्कन, म्हणजे मुख्य शासनाधिकारी, झाला. तेव्हा कर्जाला तारण म्हणजे स्वतःचं शरीर. फेड झाली नाही की ऋणको बायकापोरांसकट गुलाम. कित्येक परदेशी विकले गेलेले. सोलोनने जुनी कर्जं उडवली (सगळी, की नुसतं व्याज घटवलं, यावर जुन्या ग्रीकांतच मतभेद होते) आणि यापुढे शरीर तारण घ्यायला बंदी केली. मुलांना हे दुसरं नीट समजाव. माफी एकदाच होते. बंदीने पुढची वाट बुजते. परमुलखात भटकून अॅटिक, म्हणजे अथेन्सची, बोलीही विसरलेल्यांना परत आणलं, हे त्याने कवितेतच लिहून ठेवलंय.

त्याचा चरित्रकार प्लुटार्क म्हणतो, कर्जं उडणार हे त्याने जवळच्या मित्रांना आधी सांगितलं. त्यांनी भराभर उसने पैसे उचलून जमिनी घेतल्या, आणि बोल लागला सोलोनला. मित्र चांगलेच असतात गं, पण कागद कागद असतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ तूच शिकवतेस: जामीनदाराची जबाबदारी ऋणकोएवढीच. बँकेने आधी तुझ्या मैत्रिणीच्याच दारात जावं असं बंधन नाही. झालं, पुन्हा तिथेच आलो. राग मानू नकोस.

सोलोनचं विहिरीचं कलम जरूर घे. चार स्टेडियांच्या आत, म्हणजे साधारण पाऊण किलोमीटरवर, सार्वजनिक विहीर असेल तर तिचं पाणी. त्याहून लांब असेल तर स्वतःची खणा. दहा वाव (साधारण अठरा मीटर) खणूनही पाणी लागलं नाही, तर शेजाऱ्याकडून वीसेक लिटरचा घडा दिवसातून दोनदा. नानांचा पाण्याचा तंटा एका दुपारीत मिटला असता!

आणि अन्याय झालेल्याच्या वतीने कुणाही नागरिकाला फिर्याद करायची मुभा. जनहित याचिकेशी ताडून दाखव. ती यातूनच जन्मली अशी वंशावळ मात्र जोडू नकोस. जमिनीचं फेरवाटप त्याने केलं नाही, म्हणून गरीबही रुसले आणि श्रीमंतही. पुढे पिसिस्ट्राटसने सत्ता बळकावली, तरी कायदे बरेचसे टिकले.

त्याचा आणखी एक नियम: बापाने धंदा शिकवला नसेल, तर म्हातारपणी त्याला पोसायची मुलावर सक्ती नाही. तुला वकील केलंय, आणि तीही आमच्या घराण्यातली पहिली, तेव्हा माझा हक्क शाबूत आहे. त्या हक्काने मागतो: जामीनपत्राची प्रत पाठव. दुकानाचं कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं कर्ज) असेल आणि हमी चालू स्वरूपाची, म्हणजे पुढच्या व्यवहारांनाही लागू, असेल, तर कलम १३० खाली बँकेला नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेता येते. आधी त्या कागदातल्या अटी बघू. मुदत कर्ज असेल तर ती वाट नाही, मग निदान दर महिन्याला हप्ता गेल्याची पावती मैत्रिणीकडून मागून घेत जा.

तुझा,
बाबा