बव्हेरियातले बिअर गार्डन आणि आपला डबा

महोदय,

उन्हाळी युरोप सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज प्रसिद्ध होत आहेत. यातल्या बऱ्याच सहली जर्मनीत म्युनिक शहरात एखादी दुपार थांबतात आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘बिअर गार्डनला भेट’ अशी एक ओळ असते. बिअर गार्डन म्हणजे झाडांच्या सावलीत टेबले-बाकडी मांडलेले, उघड्यावर बसून खाण्यापिण्याचे ठिकाण. त्या एका ओळीविषयी मला लिहायचे आहे, कारण तिच्यामागची माहिती प्रवाशांना दिली जात नाही आणि त्यामुळे विनाकारण उपासमार आणि मानहानी दोन्ही पदरी येतात.

गेल्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान अशाच एका सहलीने गेलो होतो. म्युनिकच्या ‘इंग्लिश गार्डन’ या विस्तीर्ण उद्यानात एक लाकडी चिनी मनोरा आहे आणि त्याच्याभोवती सुमारे सात हजार माणसे बसतील एवढे बिअर गार्डन आहे. बसमधून उतरताना आमच्या सहल व्यवस्थापकांनी बजावले, की आत बाहेरचे खाणे चालत नाही, डबे बसमध्येच ठेवा आणि पाऊण तासात फोटो काढून परत या. आमच्यातल्या एका आजींना मधुमेह आहे. त्यांना दर तीन तासांनी काहीतरी खावे लागते आणि शाकाहारी असल्यामुळे तिथले काय चालेल हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्या तशाच मागे फिरल्या आणि बसमध्ये एकट्याने बसून त्यांनी आपल्या दशम्या खाल्ल्या. उलट दोन गृहस्थांनी सूचना न जुमानता एका टेबलावर भाकरवडीचे पाकीट उघडले, तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी त्यांना तिथून उठवले. परतताना बसमध्ये एकच सूर होता, की ही माणसे फार तुसडी आहेत.

सहल संपल्यावर आम्ही आठवडाभर म्युनिकमध्येच लेकीकडे राहिलो आणि त्या रविवारी ती आम्हाला पुन्हा त्याच जागी घेऊन गेली, या वेळी चक्क डबा घेऊन. तेव्हा कळले, की आम्हाला दिलेली सूचना साफ चुकीची होती. बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्याची राजधानी आहे तिथल्या, पारंपरिक बिअर गार्डनमध्ये घरचे खाणे नेऊन खाता येते. अट इतकीच, की पेय तिथलेच घ्यायचे आणि ज्या टेबलांवर कापड अंथरलेले नाही, अशाच टेबलांवर बसायचे. कापड घातलेली टेबले वाढप्यांची असतात. तिथे बसले की खाणेही तिथलेच मागवावे लागते. त्या दोन गृहस्थांची चूक भाकरवडीची नव्हती, टेबलाची होती. दहा पावलांवरच्या उघड्या बाकड्यावर त्यांना कोणी हटकलेही नसते.

या रिवाजामागे मोठा इतिहास आहे. बव्हेरियात १५३९ साली असा नियम झाला, की बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात गाळावी. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागत आणि तिथली बिअर थंडीतच नीट आंबते. मग उन्हाळ्यासाठी लागणारा साठा टिकवायचा कसा? म्युनिकच्या बिअर गाळणाऱ्यांनी गावाबाहेर, इसार नदीच्या उंच काठावर तळघरे खणली, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याचा बर्फ तिथे भरला आणि वरची जमीन तापू नये म्हणून खडी पसरून चेस्टनटची झाडे लावली. या झाडाची पाने पंजासारखी रुंद असल्याने सावली दाट पडते आणि मुळे फार खोल जात नसल्याने तळघराच्या कमानींना धक्का लागत नाही. लोक बिअर घ्यायला येत, ते त्या सावलीतच बसू लागले. शहरातल्या खानावळवाल्यांचे गिऱ्हाईक तुटले आणि त्यांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजा पहिला माक्सिमिलियान योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, दुसरे कोणतेही खाणे विकू नये. साहजिकच लोक घरून डबा आणू लागले. विक्रीवरची बंदी पुढे उठली, तिथे आता सगळे पदार्थ मिळतात; परंतु डबा राहिला तो राहिलाच. एका राजाने खानावळवाल्यांची रोजी राखण्यासाठी घातलेल्या अटीतून सामान्य माणसाचा हक्क जन्माला यावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

हा हक्क तिथले लोक किती जपतात, हे १९९५ साली दिसले. म्युनिकजवळच्या एका बिअर गार्डनच्या गोंगाटाविरुद्ध शेजारी न्यायालयात गेले आणि ते रात्री लवकर बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा मे महिन्यात हजारो नागरिक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. पुढे १९९९ साली राज्य सरकारने बिअर गार्डनसाठी स्वतंत्र नियमावली केली. त्यानुसार वाद्ये रात्री दहाला थांबतात आणि गार्डन अकराला बंद होते. शेजाऱ्यांची झोप आणि लोकांचा विरंगुळा, दोहोंची बूज त्यात राखली आहे.

‘बिअर’ हा शब्द वाचून अनेक कुटुंबे तिकडे फिरकायलाच संकोचतात. आम्ही दोघेही पीत नाही. परंतु त्या रविवारी आमच्या बाकड्यावर एका टोकाला नातवंडांसह आलेले आजी-आजोबा होते, दुसऱ्या टोकाला अभ्यासाच्या वह्या घेऊन बसलेली विद्यार्थिनी होती आणि तीन तासांत एकदाही कुणाचा आवाज चढलेला ऐकू आला नाही. आम्ही सफरचंदाचा रस आणि सोडा एकत्र करून देतात ते पेय घेतले. ग्लासासाठी अनामत रक्कम भरावी लागते, ग्लास परत नेऊन दिला की ती मिळते. मुलीने बाकड्यावर स्वच्छ पंचा अंथरला, थालीपिठे, लोणी आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. चेस्टनटला नुकताच बहर आलेला होता. मेणबत्तीसारखे उभे पांढरे तुरे होते आणि त्यांच्या पाकळ्या चटणीवर पडत होत्या.

शेजारच्या आजीबाईंनीही असाच पंचा अंथरला होता. त्यांनी टोपलीतून हातभर लांबीचा पांढरा मुळा काढला, सुरीने तो गोल गोल असा चिरत नेला, की अखंड राहूनही त्याची लांब वेटोळी झाली, आणि मग त्यावर मीठ भुरभुरवून तो बाजूला ठेवला. थोड्या वेळाने मुळ्याला पाणी सुटले. मुळा असा रडला की मगच तो खायचा, असे त्यांनी मुलीला सांगितले. आपण कोशिंबिरीसाठी मुळा किसून, मीठ लावून पिळतो, तेच हे. मी त्यांना अर्धे थालीपीठ दिले, त्यांनी मला मुळ्याचे वेटोळे दिले. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण ‘घ्या’ म्हणताना हात कसा पुढे येतो, ते सगळीकडे सारखेच असते. आमच्या आधीच्या भेटीतल्या त्या आजी त्या वेळी बसमध्ये न बसता या बाकड्यावर असत्या, तर किती बरे झाले असते, हा विचार मला तेव्हापासून छळतो आहे आणि हे पत्रही त्यामुळेच लिहीत आहे.

माझी सहल कंपन्यांना विनंती आहे, की कार्यक्रमपत्रिकेत त्या ओळीखाली आणखी चार ओळी छापाव्यात: घरचे खाणे चालते, पेय तिथूनच घ्यावे, उघड्या बाकड्यांवर बसावे, बाकड्यावर आधी कुणी असेल तर जागा रिकामी आहे का, असे विचारून मगच बसावे. काही बाकडी नेहमीच्या मंडळींसाठी राखून ठेवलेली असतात, त्यांवर तशी पाटी असते, तिकडेही लक्ष असू द्यावे. आपणही उठताना तेलकट कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथेच टाकून येऊ नये. आणि पाऊण तासाऐवजी निदान दोन तास तरी तिथे ठेवावेत. एखाद्या दुकानातला थांबा कमी केला, तर तेवढा वेळ सहज निघेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा