चिन्मयने गाडी आडवी घातली त्याबद्दल

कोल्हापूर

प्रिय वैजू,

तुझं पत्र दुपारी वाचलं आणि रात्री जेवणं उरकल्यावर पुन्हा वाचलं. सिग्नलपाशी मोटारसायकलवरून पळणाऱ्या साखळीचोरामागे हवालदार "धरा, धरा त्याला" म्हणून ओरडत येतो काय आणि आपला चिन्मय ॲक्टिव्हा आडवी घालतो काय! तुझ्या पोटात गोळा आला असणार. त्या चोराकडे चाकू असता तर, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. पण "पोलिसांचं काम पोलिसांनी करावं, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला" असं तू त्याला सुनावलंस, तिथे मी तुझ्या बाजूने नाही.

हवालदारानेच सांगितलं होतं, वैजू. आणि त्याने हाक दिली की आपण मोकळे राहत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 37 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 31 झालं. ज्याला अटक करायचा पोलिसाला अधिकार आहे, असा माणूस पळून जात असेल आणि पोलिसाने वाजवी मदत मागितली, तर ती देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून नाकारली तर जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम 222 खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. इतकी वर्षं फौजदारी कोर्टात काढली, पण या कलमाखाली कुणाला पिंजऱ्यात उभं केलेलं मी पाहिलेलं नाही. ते कुणाला आत टाकायला नसेलही, पण कायदा आपल्याला रस्त्यावरचे प्रेक्षक समजत नाही एवढं त्यातून दिसतं, आणि मला ते मनापासून पटतं.

"वाजवी" या अटीत तुझी काळजीही येते. कोयता किंवा पिस्तूल घेतलेल्या माणसावर रिकाम्या हाताने झेप घे, असं कुणी तुझ्या मुलाला सांगू शकत नाही. गाडी आडवी घालण्याबद्दल मात्र त्याच्याशी मीही बोलणार आहे. भरधाव मोटारसायकल आडव्या गाडीवर आदळली तर चोर मरतो, मागे बसलेला मरतो, शेजारून चाललेली बाई मरते. साखळी चोरणाऱ्याचा जीव त्या साखळीपेक्षा स्वस्त नाही. त्याने नंबर लक्षात ठेवला असता, गाडी कोणत्या गल्लीत शिरली ते बघून 112 ला कळवलं असतं, तरी ती मदतच होती. पण त्या दोन सेकंदांत त्याने जे केलं ते जबाबदारीच्या भावनेने केलं. त्यासाठी त्याला शिक्षा करू नकोस.

खरं सांगू? तुझ्या पत्रातली जी ओळ मी परत परत वाचली, ती वेगळीच आहे. चोर पडल्यावर लोक जमले आणि त्यांनी त्याला हेल्मेटने मारलं. चिन्मय "पुरे, पुरे" म्हणत राहिला, कुणी ऐकलं नाही, आणि तेव्हापासून तो गप्प आहे. तू ते एका वाक्यात उरकलंस. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे.

पकडणं आणि मारणं यात कायद्याने स्पष्ट रेघ ओढली आहे. डोळ्यांसमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तर तू किंवा मीसुद्धा त्या माणसाला धरू शकतो. पण विनाकारण उशीर न लावता, आणि नव्या संहितेप्रमाणे जास्तीत जास्त सहा तासांत, तो पोलिसांच्या ताब्यात गेला पाहिजे. तो पळू नये एवढाच जोर लावायचा. हवालदार येऊन पोचल्यावर बसलेली प्रत्येक लाथ हा नवा गुन्हा आहे, आणि तो करणारे तिथले सभ्य, घरदार असलेले लोक असतात.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा तुला आठवत असेल. 1 जुलै 2018. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षुक, डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवडी बाजाराच्या गर्दीने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. आपण गुन्हेगार पकडतोय, असंच त्या गर्दीलाही वाटत होतं. म्हणून "सगळ्यांनी पोलिसांना मदत करावी" असं कुणी सरसकट म्हणालं की मला धास्ती वाटते. नुसत्या संशयावर धावणाऱ्या जमावाला मी मदत म्हणणार नाही.

पण म्हणून दारं लावून घ्यायची का? पुण्यात, सदाशिव पेठेत, 27 जून 2023 ला सकाळी एक मुलगा कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं मध्ये पडली, त्यांनी त्याला आवरलं आणि ती वाचली. त्यांनी पोलिसांची वाट बघितली असती तर त्या मुलीचं काय झालं असतं, हे मला लिहवत नाही. तिथे जीव जाणार होता, आणि जीव वाचवण्यासाठी घेतलेला धोका मी कधीही चूक म्हणणार नाही. साखळीसाठी घेतलेल्या धोक्याचं माप वेगळं. एवढा फरक चिन्मयला कळला तर माझं म्हणणं संपलं.

आता कामाचं. तुझे भाऊजी म्हणतात की साक्षीच्या भानगडीत पडू नये. लोक का कचरतात ते मी रोज बघते. समन्स, तारखा, दिवसभर बाकावर बसणं, मग उलटतपासात आपणच आरोपी असल्यासारखे प्रश्न. अपघातात जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे. चोर धरून देणाऱ्यासाठी मला तशी तरतूद दिसत नाही. ही उणीव मला फार खुपते, कारण आपण लोकांकडून धाडस मागतो आणि नंतर त्यांना वाऱ्यावर सोडतो. साक्षीदार संरक्षणासाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला आहे. धमकी आली तर मला लगेच फोन कर, अर्ज मी लिहून देईन.

तरीही त्याने जबाब द्यावा. जे पाहिलं तेवढंच सांगावं, मारहाणीसकट. वैद्यकीय तपासणीत त्या चोराच्या अंगावरचे वळ दिसणारच, मॅजिस्ट्रेट विचारणार, "पोलिसांनी मारलं का?" चिन्मयने खरं सांगितलं नाही तर जमावाचा मार त्या हवालदाराच्या नावावर पडेल, आणि तो तर, तू लिहितेस त्याप्रमाणे, लोकांना मागे ढकलत होता.

अजून एक, आणि हे आजच सांग. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरतोय ना? चिन्मयने तो पुढे पाठवू नये, कुणी पाठवला तर बघत बसू नये. चोराचा चेहरा आधीच सगळीकडे फिरला की ओळख परेडला, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखण्याला, अर्थ राहत नाही. आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. मी असते तर मीही विचारला असता.

जबाबाची प्रत मिळाली की मला पाठव. तारीख लागली तर आदल्या रात्रीच्या गाडीने मी नाशिकला येते, भाऊजींना सांगून ठेव. चिन्मयला माझा नंबर दे. त्याला माझ्याशी एकट्याने बोलायचं असेल तर बोलू दे.

तुझी,
शैला