ताई, तुम्ही लाल पेनाचं टोपण उघडलं नाहीत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर संपला. ठाण्यात नौपाड्यातल्या तुमच्या पुढच्या खोलीत बसून महिनाभर कादंबरी लिहिणाऱ्या नऊ जणांपैकी सात जणांच्या वह्या भरल्या आहेत. त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र.

तीस दिवसांत कादंबरीचा कच्चा खर्डा लिहायचं हे आव्हान 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बाटी आणि मंडळींनी सुरू केलं. पहिल्या वर्षी अवघे 21 जण होते. ते चालवणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये गाशा गुंडाळला, पण पन्नास हजार शब्दांचा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. त्या हिशेबाने रोज 1,667 शब्द होतात. मराठीत हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत तीन शब्द लागतात तिथे आपलं ‘झाडाखाली’ एका शब्दात भागतं. म्हणून तुम्ही 36,000 ठरवलेत, रोज 1,200. ओळीत आठ शब्द आणि पानावर चोवीस ओळी धरल्या तर वहीची सव्वासहा पानं. संवादाची पानं वेगळी मोजायची, कारण तिथे अर्ध्या ओळी रिकाम्या जातात आणि हिशेब फसतो.

आदल्या वर्षी आमच्यातले काही जण नवी मुंबईतल्या एका गटात होते. तिथे रोज संध्याकाळी दोन पानं मोठ्याने वाचायची आणि त्यावर चर्चा व्हायची. चर्चा कसली, ऱ्हस्व-दीर्घाची उलटतपासणी. दहाव्या दिवशी चौदांपैकी तिघे उरले. ते गट चालवणारे विद्वान होते, यात शंका नाही. पण कच्च्या खर्ड्यावर शुद्धलेखनाचा दंडुका उगारला की लिहिणारा पुढचं वाक्य लिहीतच नाही, मागचंच पुसत बसतो. एवढं त्यांना कळायला हवं होतं. त्या माणसांचं वर्ष वाया गेलं, त्याचा राग अजून जात नाही.

आणि तुम्ही! उभी हयात प्रुफं तपासण्यात गेलेली. तुमच्यासमोर ‘आशीर्वाद’ऐवजी ‘आशिर्वाद’ लिहिलेली वही उघडी पडते, तुमचे डोळे तिथे थबकतात, हे आम्हाला दिसत होतं. लाल पेन टेबलावरच होतं. महिनाभर त्याचं टोपण निघालं नाही.

पण आभार खास मानायचे आहेत ते बाराव्या दिवसाचे. ऐरोलीहून येणाऱ्या दादांची कादंबरी 16 एप्रिल 1853 ला सुरू होते. बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी 34 किलोमीटर धावून ठाण्याला पोचते. तिला किती वेळ लागला? कुठे 57 मिनिटं लिहिलेलं सापडतं, कुठे सव्वा तास. दादा त्या एका वाक्यावर तीन संध्याकाळी अडले होते. तुम्ही उठलात, शिसपेन्सिल घेतलीत, ‘गाडीला’ आणि ‘लागली’ यांच्या मधोमध एक बारीकसं काकपद (^) काढलंत आणि म्हणालात, “इथे नंतर. पुढे चला.”

प्रुफात गळलेला मजकूर दाखवायची ती खूण. तुम्ही तिला न लिहिलेल्या मजकुराची जागा राखायला लावलीत. त्या रात्री दादांनी 1,400 शब्द लिहिले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या पानांवर काकपदं उगवली: पात्राचं नाव आठवत नाही, काकपद, कोर्टाच्या कामातली पुढची पायरी माहीत नाही, काकपद. मोबाईल हातात घ्यायचं कारणच उरलं नाही. चूक दिसत असताना समोरच्याला पुढे जाऊ देणं यात केवढा मोठेपणा आहे! असा सज्जनपणा गाजावाजा करत नाही, म्हणून त्याची नोंद व्हावी असं वाटतं.

कोपरखैरणेच्या वहिनींचे चार दिवस घरच्या आजारपणात गेले, 4,800 शब्द मागे पडले. रविवारी एका बैठकीत ते भरून काढायला निघाल्या होत्या. असं केलं की मनगट धरतं आणि पुढचे दोन दिवसही बुडतात. तुम्ही सोळाव्या दिवशी सकाळी उरलेल्या पंधरा दिवसांत ती थकबाकी वाटून दिलीत: रोज 320 जास्त, म्हणजे 1,520. त्यांना चिठ्ठीवर मात्र ‘आज 1,520’ एवढंच लिहून दिलंत. थकबाकीचा आकडा त्यावर नव्हता.

प्रसंग संपवून उठायचं नाही, अर्ध्यावर सोडायचा आणि खाली उद्याच्या दोन ओळी टिपायच्या, ही तुमची सवय आता आम्हा सगळ्यांना लागली आहे.

सातही वह्यांतली काकपदं मोजली, एकशे बारा भरली. डिसेंबरभर ती घेऊन 1893 पासून उभ्या असलेल्या आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसणार आहोत. जानेवारीत खर्डे टंकून आणतो: युनिकोडमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर अंतर, उजवीकडे चार बोटं समास, आणि तुमच्या चष्म्याचा विचार करून चौदाचा टाईप. तेव्हा लाल पेन उघडाल ना?

तुमचे,
पुढच्या खोलीतले नऊ जण