काका, ती मारामारी आणि सहावा डिफेन्समन

ती. स्व. काकांना साष्टांग नमस्कार,

तुमचा मेसेज मिळाला. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ फेब्रुवारी २०२५ मधला आहे, आइस हॉकीची अमेरिका विरुद्ध कॅनडा मॅच, आमच्या इथल्याच म्हणजे मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमधला, मॅच सुरू झाल्यापासून पहिल्या ९ सेकंदांत ३ मारामाऱ्या. तुम्ही विचारलंय की ही हॉकी आहे की काय आहे, आणि रेफरी हाताची घडी घालून बघत का उभे राहतात. खडकीच्या ग्राउंडवर कोणी असं केलं असतं तर लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं असतं, हे मला माहितीये. म्हणून सविस्तरच लिहिते, कारण हा विषय माझ्या डोक्यात बरेच दिवस आहे आणि इथे कोणाशी बोलायला गेलं की लगेच दोन पार्ट्या पडतात.

एनएचएल म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये मारामारीला परवानगी आहे असं नाही, नियमात तो फाऊलच आहे, पण शिक्षा फक्त ५ मिनिटं बाजूच्या शिक्षेच्या बॉक्समध्ये बसायची. दोघांना सारखीच मिळते म्हणून दोन्ही टीम बर्फावर पूर्ण संख्येनेच खेळतात, म्हणजे टीमला तोटा जवळजवळ नाहीच. ज्याने मुद्दाम उकरून काढली त्याला वर २ मिनिटं आणि १० मिनिटं, आणि तिसरा कोणी मध्ये घुसला तर तो सरळ मॅचमधून बाहेर. लाइन्समन म्हणजे भांडण सोडवणारे पंच, ते थांबतात ते दोघं दमेपर्यंत किंवा खाली पडेपर्यंत, कारण पायात धारदार स्केट्स आणि हवेत मुठी, त्यात मध्ये पडणं खरंच धोक्याचं आहे. ऑलिंपिकमध्ये किंवा अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीत हेच केलं तर मॅच तिथेच संपली तुमची. आमच्या क्युबेकच्या ज्युनियर लीगने सुद्धा २०२३ पासून तेच केलंय, मारामारी केली की बाहेर, आणि मला तो निर्णय फार आवडला.

आता खरा मुद्दा. पूर्वी प्रत्येक टीममध्ये एक दांडगा फॉरवर्ड असायचा, मॅचमध्ये जेमतेम चारपाच मिनिटं खेळायचा आणि त्याचं काम एवढंच की आमच्या स्टारला कोणी हात लावला तर त्याला बघून घ्यायचं. ते काम आता जवळजवळ संपलंय, खेळ इतका फास्ट झालाय की नीट स्केटिंग न येणारा माणूस ठेवणं कोणालाच परवडत नाही. २००८-०९ च्या सीझनला ७०० च्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या, हल्ली त्याच्या निम्म्याही होत नाहीत. पण जी जबाबदारी उरली ती कोणावर आली, तर ज्यांची जागा पक्की नाही अशा पोरांवर, आणि त्यात डिफेन्समन बरेच.

डिफेन्समन म्हणजे आपला फुलबॅक समजा. मॅचला साधारण सहा डिफेन्समन उतरतात, जोडीजोडीने, आणि टीमच्या २३ जणांच्या यादीत सात किंवा आठ असतात. पहिल्या चारांची नावं सीझनआधीचा सराव-निवडीचा कॅम्प सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना पाठ असतात, त्यांचे करार मोठे, ते मॅचला वीस मिनिटांच्या वर खेळतात. सप्टेंबरमध्ये कॅम्प भरतो तेव्हा खरी लढत असते ती सहाव्या आणि सातव्या जागेसाठी, आणि मला सगळ्यात जास्त तेच बघायला आवडतं. एकोणीस वर्षांचा पोरगा असतो, बाजूला तिशीतला जुना खेळाडू असतो ज्याला कळत असतं की ही आपली शेवटची संधी आहे, आणि दोघांकडे मोजक्या सराव मॅचेस. त्यात कोणीतरी एक मारामारीसाठी ग्लोव्हज टाकतो, सगळं स्टेडियम उभं राहतं, दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचंच नाव. आणि ज्याने शांतपणे पंधरा वेळा पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, आपल्या भागातून नीट बाहेर काढला त्याच्याबद्दल एक ओळ नाही. याचा मला खरंच राग येतो.

कारण डिफेन्समन जोखायचा कसा, तर पक आपल्या मागच्या कोपऱ्यात गेला आणि तो घ्यायला हा पाठमोरा निघाला की बघायचं, पोचायच्या आधी खांद्यावरून मागे किती वेळा बघतो. चांगला पोरगा दोनदा बघतो आणि पक काठीला लागायच्या आधीच त्याचं ठरलेलं असतं की पास कुठे जाणार. न बघणारा पोचल्यावर विचार करतो, तोवर मागून दोघं अंगावर येतात आणि पक भिंतीवर आपटून समोरच्यांच्या ताब्यात. दुसरं म्हणजे समोरून फॉरवर्ड वेगाने येत असताना हा उलटा स्केटिंग करत किती अंतर ठेवतो, फार मागे सरकला तर त्याला ब्लू लाईन, म्हणजे आपल्या भागाची हद्द, फुकट मिळते, फार जवळ गेला तर तो बाजूने निघून जातो. काठी बर्फावर आहे की हवेत, हेही. यातलं काही टाळ्या घेत नाही पण मॅच इथेच जिंकतात आणि हरतात.

आता तुम्हाला अर्बर झेकायची गोष्ट सांगते. हॅमिल्टनचा मुलगा, डिफेन्समन, ड्राफ्टमध्ये म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत कुठल्याच टीमने घेतला नाही, कोविडमध्ये ज्युनियर लीग बंद पडली तेव्हा कॉस्टकोच्या दुकानात काम करत होता. मॉन्ट्रियलने कॅम्पला बोलावलं, करार दिला, आणि २०२२ च्या कॅम्पमधून तो थेट टीममध्ये आला. सहा फूट चार इंच, मारामारीत बहुतेकांना भारी, इथे लोक त्याला शेरीफ म्हणतात. पण माणूस नुसता दांडगा नाही हो, ५१ मॅचमध्ये ५ गोल केले पहिल्याच वर्षी, शॉट जबरदस्त आहे. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये एडमंटनच्या व्हिन्सेंट देहार्ने बरोबर मारामारी झाली, खांदा गेला आणि सीझन तिथेच संपला. आणि तो देहार्ने कोण, तर तो पण डिफेन्समन, इथल्याच लावालचा, वयाच्या सव्विसाव्या वर्षी महिन्याभरापूर्वी कुठे पहिल्यांदा एनएचएलमध्ये आलेला. दोघांनी इतकी वर्षं घासून जागा मिळवली आणि एकमेकांनाच मारत होते. पुढच्या वर्षी झेकायला काही काळ खालच्या टीममध्ये लावालला पाठवलं, नंतर खांद्याचं ऑपरेशनही झालं. शिकायच्या वयातले इतके महिने गेले, ते मुठींनी परत मिळत नाहीत.

त्याच २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जोनाथन कोव्हासेव्हिच नावाचा डिफेन्समन आला. विनिपेगकडे डिफेन्समन जास्त झाले म्हणून त्यांनी त्याला वेव्हर्सवर टाकलं. म्हणजे २४ तास बाकी कुठल्याही टीमला तो फुकट उचलता येतो, म्हणूनच कधी कधी सरस असलेला तरुण पोरगा खाली पाठवतात आणि जुन्याला ठेवतात, कारण तरुणाला वेव्हर्स लागत नाही आणि जुना हातचा जाईल ही भीती. मॉन्ट्रियलने त्याला उचललं. उंची साधारण झेकायएवढीच, पण हा मारामारीसाठी ओळखला जात नाही, नुसता साधा नीट खेळ. त्या सीझनला ७७ मॅच खेळला, आणि मार्च २०२५ मध्ये न्यू जर्सीने त्याला ५ वर्षांचा करार दिला. टाळ्या झेकायला पडल्या, पण मला विचाराल तर सहाव्या जागेची पोरं घडवताना कोचने कोव्हासेव्हिचचे व्हिडिओ दाखवावेत.

लोक म्हणतात मारामारी नसेल तर घाणेरडे फटके वाढतील, स्टार खेळाडूंना कोणी वाचवणार नाही. मला ते पटत नाही, ते काम नियमाचं आणि रेफरीचं आहे. डॉन सँडरसन नावाचा २१ वर्षांचा डिफेन्समन होता, ऑन्टारियोच्या हौशी लीगमध्ये खेळायचा, डिसेंबर २००८ मध्ये मारामारीत हेल्मेट निघालं, डोकं बर्फावर आपटलं, आणि २ जानेवारी २००९ ला गेला. एनएचएलमधला असाच एक दांडगा फॉरवर्ड डेरेक बुगार्ड २८ व्या वर्षी गेला, वेदनाशामक गोळ्या आणि दारू, नंतर मेंदू तपासला तर डोक्याला वारंवार मार बसल्यावर होणारा आजार निघाला. आणि ऑक्टोबर २०१३ ला इथे बेल सेंटरमध्येच मॉन्ट्रियलचा जॉर्ज पॅरोस मारामारीत तोंडावर पडला आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेला, सीझनची पहिलीच मॅच होती. तोच पॅरोस पुढे लीगच्या खेळाडू सुरक्षा विभागाचा प्रमुख झाला, त्याने तरी ही ५ मिनिटांची शिक्षा बदलून बाहेर काढायचा नियम आणायला जोर लावावा असं मला फार वाटतं.

काका, माझा झेकायवर राग नाही, उलट तो मला फार आवडतो, मी त्याच्या नावाचा टी-शर्ट पण घेतलाय. पण ज्या पोराला पास देता येतो त्याला फक्त मुठींसाठी जागा मिळते असं वाटायला लागलं की चूक निवडणाऱ्यांची आहे.

तुम्ही फुलबॅक खेळायचात तेव्हा सिलेक्शनला बसणारे काय बघायचे ते मला नक्की लिहा, टॅकल बघायचे की त्यानंतरचा पास? पुढच्या कॅम्पच्या मॅचेसच्या लिंक पाठवते, रात्री उशिरा असतात तुमच्याकडे, हायलाइट्स सकाळी बघा. काकूंना नमस्कार, आणि गुडघ्याचा व्यायाम सोडू नका.

तुमची पुतणी