कपाट रिकामे केले, त्याबद्दल

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघे मामांकडे गेला होतात त्या चार दिवसांत मी पुढच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट रिकामे केले. परत आल्यावर बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, असे आईने मला फोनवर सांगितले. बाबा, तुम्ही रागावला असतात तर मला सोपे गेले असते. फोनवर हे सगळे नीट बोलता आले नसते, मध्येच मला रडू आले असते आणि मग तुम्हीच माझी समजूत घालत बसला असतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आईच्या दम्याबद्दल डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. त्या कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आहे, पुस्तकांना बुरशी धरली होती आणि बुरशी एकदा कागदात शिरली की वरून पुसून जात नाही. प्रत्येक पान उलटताना तिची भुकटी श्वासात जात राहते. तुम्हाला आधी विचारले असते तर पावसाळा संपू दे, असे तुम्ही म्हणाला असतात. गेली तीन वर्षे तुम्ही तेच म्हणत होतात आणि त्यातल्या प्रत्येक पावसाळ्यात आईला उशांना टेकून, बसून रात्र काढावी लागली. मी विचारले नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी पत्करते. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

पुस्तके गेलेली नाहीत. जी धड होती ती सगळी माझ्याकडे कोरड्या खोलीत आहेत, विषयवार लावलेली, तुम्ही लावायचात त्याच क्रमाने. कसरीने आणि बुरशीने पार गेलेली ३९ पुस्तके मात्र टाकावी लागली. त्या प्रत्येकाच्या पहिल्या पानाचे, तुमची सही आणि तारीख असलेल्या पानाचे, छायाचित्र मी आधी काढून घेतले आहे. तीन वस्तू मात्र मी घरीच ठेवल्या आहेत : तुमचा जाड शब्दकोश, आईचे ‘सांगत्ये ऐका’ हे अभिनेत्री हंसा वाडकरांचे आत्मचरित्र आणि ती निळ्या पुठ्ठ्याची वही.

ती वही मी त्या रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी सात-आठ वर्षांची असेन, तुम्ही आरामखुर्चीत आणि मी खाली तुमच्या पायांशी. नवे पुस्तक हाती आले की तुम्ही ते मागून उघडायचात. ‘लेखकाला हे कुठून कळले, ते आधी बघ’, असे म्हणून संदर्भसूचीवर माझे बोट ठेवायचात आणि मी अडखळत एकेक नाव वाचायची. ज्या नावाने तुमचे कुतूहल जागे होई ते वहीत जायचे आणि पुस्तक मिळाले की त्यापुढे लाल पेन्सिलीची खूण व्हायची. ती खूण करण्याचा मान माझा असे. आज पुस्तक निवडताना मला कोणाच्या शिफारशीची गरज वाटत नाही, ती त्या बोटामुळे. वहीत अजून पुष्कळ नावांपुढे खूण नाही, बाबा. मला ती शोधू द्या, एवढेच मागायला खरे तर हे पत्र आहे.

सोबत पाठवलेले यंत्र केवळ पुस्तके वाचण्यासाठी आहे. त्याचा पडदा फोनसारखा डोळ्यांवर चमकत नाही, कागदासारखा दिसतो. अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. एका ओळीत चारच शब्द मावले तरी चालतील, पान उलटायला बोट टेकवले की पुरे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग क्षीण झाल्यापासून तुम्ही भिंग घेऊन, मान वाकडी करून वाचता, ते मला बघवत नाही. आणि आई, ते एका हातात सहज मावते, तुझा मनगटाचा जुना दुखावा उचल खाणार नाही. पुस्तके मी इथूनच त्यात भरत जाईन. तुम्हाला काहीही दाबावे, जोडावे लागणार नाही.

पहिल्या खेपेला काय भरावे यावर मी फार विचार केला. बाबांना इतिहास, आईला खऱ्या गुन्ह्यांच्या हकिकती, आणि दोघांनाही सिनेमा. या तीन फळ्या आपल्या घरात कायम वेगळ्या राहिल्या. आईची फळी बाबांनी कधी मनापासून मानली नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मी आईच्या फळीपासून सुरुवात केली आहे. बाबा, थोडे थांबून वाचा, कारण हा रस्ता तुमच्याकडेच येतो.

१८६० सालच्या जूनच्या अखेरीस इंग्लंडमधल्या रोड नावाच्या गावी एका प्रतिष्ठित घरातला तीन वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला. बाहेरून कोणी घर फोडून शिरल्याची खूण नव्हती, म्हणजे मारणारा घरातलाच असावा. लंडनहून जॅक व्हिचर हा गुप्त पोलीस अधिकारी आला. मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा, कॉन्स्टन्स केंटचा, रात्री घालायचा एक झगा हरवला आहे, एवढ्या धाग्यावर त्याने तिला अटक केली. सामान्य घरातून आलेला पोलीस प्रतिष्ठितांच्या मुलीवर असा आळ घेतो, यावर गदारोळ झाला, ती सुटली आणि व्हिचरची अब्रू गेली. पाच वर्षांनी, १८६५ साली, तिने स्वतः गुन्हा कबूल केला. केट समरस्केल यांचे ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ हे २००८ सालचे पुस्तक या प्रकरणावर आहे आणि त्याला भरभक्कम टिपा आहेत.

आता त्या टिपांचे बोट धरून पुढे जाऊ. विल्की कॉलिन्स या कादंबरीकाराने १८६८ साली ‘द मूनस्टोन’ लिहिली, त्यात हरवलेल्या झग्याचा धागा या प्रकरणातून आला आहे आणि तिच्यातला सार्जंट कफ बराचसा व्हिचरवर बेतलेला आहे. पुढच्या कितीतरी रहस्यकथांमधला तो बंद वाडा, संशयाखालचे कुटुंब आणि बाहेरून आलेला शोधक यांच्या मागे हा वास्तवातला खून उभा आहे. आणि या कादंबरीची सुरुवात कुठे होते, माहीत आहे का बाबा? १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात, टिपू सुलतान पडला त्या दिवशीच्या लुटीत. ज्या वेढ्यावर तुम्ही मला कागदावर नकाशा काढून सबंध रविवार शिकवले होते, तिथे मी आईच्या खुनाच्या पुस्तकातून पोहोचले. मला त्या रात्री तुम्हाला उठवून सांगावेसे वाटले होते.

या प्रकारातले सगळेच चांगले नसते, हे मी मानते. खून हा करमणुकीचा माल झाला की मेलेल्या माणसाचे कोणालाच काही वाटेनासे होते. म्हणूनच हॅली रूबेनहोल्ड यांचे ‘द फाइव्ह’ मी यंत्रात मुद्दाम घातले आहे. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ज्याने बायका मारल्या त्याचे ‘जॅक द रिपर’ हे टोपणनाव जगभर झाले. त्याला आजवर कोणी ओळखू शकले नाही, तरी त्याच्यावर पुस्तकांमागून पुस्तके आली. रूबेनहोल्ड यांनी त्याला बाजूला ठेवले आणि मेलेल्या पाच बायकांची आयुष्ये लिहिली : त्यांचे जन्म, लग्ने, मुले, दारू, बेघर होणे. त्या सगळ्या वेश्या होत्या असे जे वर्षानुवर्षे छापले गेले, त्याला पाचांपैकी तिघींच्या बाबतीत काहीच पुरावा नाही, असे त्या दाखवून देतात. हा खरा इतिहास आहे, बाबा, आणि तो गुन्ह्याच्या फळीवर सापडतो.

उलट ट्रुमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’बद्दल सावध करते. कॅन्ससमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या १९५९ सालच्या हत्येवरचे हे पुस्तक लिखाण म्हणून अप्रतिम आहे, आई, तू ते खाली ठेवू शकणार नाहीस. पण त्यातले सारे खरे आहे असे सांगणाऱ्या लेखकाने शेवटी संदर्भसूचीच दिलेली नाही, आणि पुस्तकाच्या अखेरीस येणारी स्मशानभूमीतली भेट घडलीच नव्हती, हे पुढे उघड झाले. तुमच्या बोटाला टेकायला तिथे जागा नाही, म्हणून मी ते आत्ता पाठवलेले नाही. मागाल तेव्हा पाठवीन.

बाबांसाठी कार्लो गिन्झबर्ग यांचे ‘द चीज अँड द वर्म्स’ आहे, १९७६ साली मूळ इटालियनमध्ये आलेले. सोळाव्या शतकातला एक पिठाच्या चक्कीचा मालक हाती पडतील ती थोडीशी पुस्तके वाचतो, त्यातून स्वतःची विश्वोत्पत्ती रचतो आणि धर्मन्यायालयासमोर उभा राहतो. त्याच्या जबान्या कागदोपत्री राहिल्या म्हणून आज तो आपल्याला भेटतो. त्याची बरीचशी पुस्तके उसनी आणलेली होती. कपाट भरलेले नसतानाही माणूस किती खोल वाचू शकतो, हे पाहून मला धीर आला. तुम्हाला तो द्यावा, अशी माझी इच्छा आहे.

सिनेमासाठी सध्या एकच : दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांचे ‘मेकिंग मूव्हीज’. आपण तिघांनी पाहिलेला त्यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो, आणि खोली हळूहळू लहान होत जाते असे आई त्या दिवशी म्हणाली होती. तुला ते बरोबर दिसले होते, आई. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर होता, मध्यावर डोळ्यांच्या पातळीवर आला आणि शेवटी खाली गेला. छत दिसू लागले, आणि भिंगे बदलत गेल्याने भिंती माणसांच्या जवळ आल्या. त्यांनी हे सारे पुस्तकात लिहून ठेवले आहे. आणि ‘सांगत्ये ऐका’ तुझ्याकडे आहेच. त्यावरून निघालेला श्याम बेनेगलांचा १९७७ सालचा ‘भूमिका’ मी आले की एकत्र पाहू.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत. बाबांनी सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचायचे नाही. पुढे आईने मोठ्याने वाचायचे, आणि तिला जरा जरी धाप लागली तर यंत्राला वाचू द्यायचे, त्याला ते येते. आई, खुनाचे पुस्तक रात्री नऊनंतर उघडायचे नाही, तुला झोप लागत नाही आणि मग रक्तदाब वाढतो. बाबांच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख कोणत्याही कारणाने पुढे ढकलायची नाही, ‘आता बरे दिसते आहे’ हे कारण तर मुळीच नाही. ओल्या भिंतीचे काम होईपर्यंत त्या कपाटात काहीही ठेवायचे नाही, वर्तमानपत्रेसुद्धा नाहीत.

आवाज चढवला असेन तर क्षमा करा. तुमच्यावर मी हुकूम सोडावेत, हे अजून मला माझे मलाच पटत नाही.

वही शब्दकोशाखाली ठेवली आहे आणि तिच्यात लाल पेन्सिल आहे, टोक करून. रविवारी सकाळी मी फोन करीन, तेव्हा खूण नसलेल्या नावांतले पहिले कोणते शोधू, ते सांगा. आईला वाचायला सांगा, मी लिहून घेईन.

तुमची,
धाकटी